पट्ट्याविरुद्धचं पत्रक

त्या कुत्रीसाठी मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर तिच्या वतीने एक पत्रक काढलं. हाताने लिहिलेलं, जिन्याच्या भिंतीला खळीने चिकटवलेलं. मथळा होता, "गळ्यातली साखळी तोडा!" खाली चार मागण्या. शेवटची मागणी अशी, की घराबाहेर पडल्यावर कुत्रीचा वेग आणि दिशा कुत्रीनेच ठरवावी.

दुसऱ्या दिवशी पत्रकाच्या कोपऱ्यात लाल शाईत शेरा होता. "वाचले. अमान्य. भिंतीचा रंग गेल्यास भाडेकरू जबाबदार." खाली सही आणि वेळ. सकाळचे पाच चाळीस.

हा शेरा घरमालकांचा. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे वडूजकडचे, साताऱ्यात घर बांधून राहिलेले. मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहायला येऊन तेव्हा दोन महिने झाले होते. खाली ते, काकू आणि ही कुत्री. बाजाराच्या पिशवीत बसेल एवढीच होती, पांढरी, एक कान तपकिरी. त्यांचा मुलगा सांगलीला बँकेत. त्याने हौसेने आणली, फ्लॅटमध्ये जमेना, म्हणून आईकडे आणून ठेवली. तिला तिघांनी तीन नावं ठेवली होती आणि ती एकाही नावाला ओ देत नव्हती, म्हणून मी इथे तिला कुत्रीच म्हणते. सुभेदारांनी तिच्यासाठी आणलेली साखळी मात्र एखाद्या म्हशीला शोभली असती.

पत्रक काढणं हा माझा दोष नाही, माझं वळण आहे. आमच्या कुंडलच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, पाण्याच्या पाळीपासून एसटीच्या थांब्यापर्यंत कशासाठीही पत्रक काढायचे. उरलेल्या गठ्ठ्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, वह्यांना कव्हरं घातली तीही त्यांचीच. पहिलीत बाईंनी 'ज'वरून शब्द विचारला, तेव्हा बाकीच्यांनी जहाज सांगितलं, मी 'जाहीर निषेध' सांगितलं. तेव्हा गळ्यात साखळी घातलेला जीव दिसल्यावर मी गप्प बसणं शक्य नव्हतं. आजही नाही.

पण प्रश्न साखळीपेक्षा मोठा होता, तो काकूंच्या गुडघ्याचा.

उन्हाळ्यात काकूंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज सकाळी अर्धा तास चालायचं, नाहीतर गुडघा आखडेल. काकू चालायला तयारच होईनात. आयुष्यभर रानात राबलेली बाई. डोक्यावर वैरणीचा भारा नाही, कमरेवर घागर नाही, हातात खुरपं नाही, आणि रस्त्याने नुसतं जायचं आणि परत यायचं, हे त्यांना लाजिरवाणं वाटायचं. "बिनकामाची हिंडती म्हनतील लोकं," एवढंच त्यांचं म्हणणं. मग कुत्री आली आणि काम मिळालं. कुणी विचारलं, "काकू, कुठं निघाला?" तर काकू ताठ मानेने सांगायच्या, "हिला फिरवाया." दोन महिन्यांत गुडघा बराच मोकळा झाला.

जुलैत एका सकाळी उतारावर कुत्रीला शेळी दिसली. कुत्रीने हिसका दिला आणि काकू आडव्या झाल्या. बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगावर पडल्या म्हणून निभावलं. तळहात खरचटला, एवढंच. त्यांनी घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही. पण चहा गाळताना अंबाड्यातून वाळू सांडली आणि सुभेदारांनी तपास लावला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. स्पीकरवर होता, त्यामुळे माडीवरही ऐकू आला.

"आई, गुडघा परत मोडला तर काय करायचं? मी पुढच्या महिन्यात तुला तपासणीला न्यायला येतोय. तेव्हा कुत्रीला वडूजला चुलत्यांच्या मळ्यात सोडतो. तिथं मोकळी राहील."

काकू मेथी निवडत होत्या. निवडता निवडताच म्हणाल्या, "ने की. मग माझं फिरनं बी ने संगट."

"म्हणजे?"

"म्हंजी कुत्री न्हाई तर मी बी उंबऱ्याभायर जानार न्हाई. पडू दे गुडघा लाकडावानी."

मुलाने मग बँकेतल्या माणसासारखी अट घातली. घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत जायचं आणि यायचं. कुत्रीने एकदाही ओढलं नाही, तर राहील. ओढलं, तर वडूज. हातात साडेतीन आठवडे होते.

जेवणं झाल्यावर मी खाली जाऊन माझी बाजू मांडली. ओढ लागते ती साखळीमुळे. साखळीच काढली, तर ओढायला काही उरत नाही. माझ्या मते हा युक्तिवाद बिनतोड होता. सुभेदार म्हणाले, "ताई, ह्ये भाषनात ठीक हाय." मी म्हटलं, उद्या सकाळी दाखवतेच.

सकाळी मी फाटक उघडलं, कुत्रीला मोकळं सोडलं आणि तिच्या मागे सन्मानाने चार पावलं अंतर ठेवून चालू लागले. सहावं पाऊल पडायच्या आत ती रिक्षाच्या पुढच्या चाकासमोर होती. करकचून ब्रेक लागला. कुत्री उडी मारून गटारात गेली. रिक्षावाला खाली उतरला.

"आवं ताई, मोकळं सोडताय व्हय कुत्रं? मेलं असतं की आत्ता!"

गटारातून काढलेली ती ओली, घाण, धडधडणारी कुत्री छातीशी धरून मी घरी आले. दुपारी जिन्यावरचं पत्रक मी स्वतःच्या हाताने काढलं. त्याच्याबरोबर भिंतीचा रंगही निघाला. याही बाबतीत सुभेदार बरोबर ठरले.

एक मागणी मात्र मी सोडली नाही. साखळी जाईल आणि गळ्याला काहीही लागणार नाही. यावर काकू माझ्या बाजूने आल्या. सुभेदारांच्या जुन्या खाटेची नवार माळ्यावर पडली होती. तिची पट्टी कापून काकूंनी मशिनीवर छातीवरून आणि पाठीवरून जाणारा पट्टा शिवला. हलका, रुंद, कुठेही न काचणारा. त्याला सुती दोरी बांधली. सुभेदार म्हणाले, "त्या खाटंवर मी बारा वर्सं झोपलोय." काकू म्हणाल्या, "मग कुत्रीला वास तुमचाच येनार. तुमचं ऐकंल तरी."

आणि ऐकलंच. सुभेदारांनी प्रशिक्षण हाती घेतलं. पहाटे पावणेसहाला गल्लीत काशन सुरू झाले. काशन म्हणजे कवायतीचा हुकूम, छातीतून काढायचा. "तेज चल!" म्हटलं की चालायचं, "थम!" म्हटलं की थांबायचं आणि थांबलं की भाकरीचा तुकडा. आठवड्यात कुत्री त्यांच्या डाव्या गुडघ्याला लागून अशी चालायला लागली, की गल्लीतली माणसं दात घासत फाटकाशी उभी राहून बघायची. सुभेदार कुणाकडे बघायचे नाहीत. नुसती हनुवटी वर करायचे.

संध्याकाळची पाळी माझी. हुकूम द्यायचा नाही हे मी ठरवलेलं होतं, त्यामुळे मी कुत्रीशी चर्चा करायचे. आपण डावीकडे का जातोय, बेकरीकडे का जात नाही, हे तिला समजावून सांगायचे. ती ऐकून घ्यायची आणि बेकरीकडे ओढायची. मी परत ओढायचे. अशा आम्ही दोघी, एकमेकींना समजावत, तिरक्या होऊन गल्ली पार करायचो. एकदा काकू ओट्यावरून बघत होत्या.

"आगं पोरी, ती वढती का तू वढतीस? मला तर काय कळंना झालंय."

"काकू, तिला मत आहे. ते दाबायचं नाही मला."

"मत हाय त्ये दिसतंय. पर तुझ्या चपलंचा अंगठा तुटलाय, त्ये बघ आदी."

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी काकूंच्या हातात दोरी दिली. हे आम्ही दोघांनीही सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, जसं काही ते नुसतं हस्तांतर होतं. काकू मायेने म्हणाल्या, "चल गं माझी बाय." कुत्रीने त्यांच्याकडे तितक्याच मायेने पाहिलं आणि जीव खाऊन पुढे ओढलं. मी धावत जाऊन दोरी पकडली नसती, तर काकू पुन्हा आडव्या झाल्या असत्या, आणि वाळूचा ढीगही आता तिथे नव्हता.

सुभेदार म्हणाले, "काशन खणखणीत दे. तेज चल! असं. पोटातनं."

"आवं, चाळीस वर्सात तुमाला कवा काशन दिला न्हाई, आन आता कुत्रीला देऊ व्हय?"

"मला दिला न्हाईस?" सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. "साक्षीला हाय ही. काल रातच्याला दूध आनाय कुनी धाडलं मला?"

"त्यो काशन न्हवता. त्यो इचार हुता."

हसलो सगळे, पण काकू लगेच आत गेल्या. खुर्चीवर बसून गुडघ्यावर हात फिरवत राहिल्या. त्या दिवशी त्या फिरायला गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी जिना चढून मला भाजी द्यायला आल्या तेव्हा प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकत आल्या. आमचं ओढाताणीचं शास्त्र चाललं होतं आणि इकडे गुडघा आखडायला लागला होता.

त्या शनिवारी मी कुंडलला गेले. आबा अंगणात जुन्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर किराण्याची यादी करत बसले होते. मी सगळी हकीगत सांगितली. रिक्षाचा भाग जरा कमी करून. आबा मनापासून हसले. आपली मुलगी कुणाला दोरीने चालवायला शिकवते, ही गोष्ट त्यांनी आईला हाक मारून पुन्हा सांगितली. मग चष्मा काढून मला म्हणाले,

"आपल्या मोर्चात पुढं कोन असतं?"

"म्हाताऱ्या बाया."

"का?"

"मान म्हणून."

"मानाचं ऱ्हाऊ दे. तरनी पोरं पुढं ठेवली की काय हुतं?"

मला आठवलं. शाळेत असताना एकदा मी हट्टाने पुढच्या रांगेत गेले होते. आम्ही पोरीपोरी घोषणा देत इतक्या सुसाट निघालो, की चौकात पोचून मागे बघितलं, तर मागे कुणीच नव्हतं. मोर्चा तुटला होता. अर्धा तास आम्ही कचेरीच्या दाराशी सहा जणी घोषणा देत बसलो आणि आतला शिपाई आम्हाला पाणी हवं का विचारून गेला.

"म्हातारी मानसं पुढं असली की कुनाला पळता येत न्हाई," आबा म्हणाले. "सगळी त्यांच्या पायानं चालत्यात. माझ्या हरेक पत्रकात शेवटची वळ हीच असती. तू कव्हरं घातलीस त्याची, वाचली न्हाईस."

आबांच्या पत्रकांच्या शेवटी खरंच ती ओळ असायची, बारीक अक्षरात: "ज्येष्ठ महिला पहिल्या रांगेत." मी वरचा मथळाच वाचत आले होते.

कऱ्हाडवरून साताऱ्याला येताना बसमध्ये मला आमची चूक इतकी ढळढळीत दिसत होती, की मी दोनदा मोठ्याने "अरे!" म्हणाले आणि शेजारच्या बाईंनी पिशवी जवळ ओढून घेतली. सुभेदारांनी कुत्रीला फौजेच्या पावलाने चालायला शिकवलं. मी मोर्चाच्या तरण्या पोरीच्या पावलाने. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तिच्या पावलाने चालायला कुणीच शिकवलं नव्हतं. तिला आम्ही रांगेत शेवटी उभं केलं होतं.

सोमवारी सकाळी नवी व्यवस्था मी मांडली. तोंडी, पत्रक न काढता. दोरी पहिल्या पावलापासून काकूंच्या हातात. सुभेदार आणि मी दहा पावलं मागे, हात पाठीमागे बांधून. बोलायचं नाही. दोरी ताठ झाली की काकूंनी खांबासारखं उभं राहायचं. सैल झाली की चालायचं. कुत्री मागे वळून गुडघ्याशी आली, तर कमरेच्या बटव्यातून भाकरीचा पापुद्रा.

"आन हुकूम?" सुभेदारांनी विचारलं.

"हुकूम नाही."

"मग तिला कळनार कसं?"

"तुमी गप ऱ्हावा," काकू म्हणाल्या. "तिला कळंल. तुमचंच अवघड हाय."

पहिल्या दिवशी घरापासून विजेच्या खांबापर्यंत जायला चाळीस मिनिटं लागली. अंतर असेल शंभर पावलांचं. कुत्री ओढायची, काकू थांबायच्या. कुत्री गोल फिरायची, उडी मारायची, खाली बसायची. काकू तशाच उभ्या. माझ्या तर पायांना मुंग्या आल्या. सुभेदार खोकले. तो खोकला "थम!" सारखाच होता आणि कुत्रीने कान टवकारले. मी त्यांच्याकडे रागाने बघितलं. ते म्हणाले, "खोकला आला तर काय मरू?"

पण थांबणं हे काकूंना जमण्यासारखं काम होतं. थांबलं की कुणीतरी फाटकाशी यायचं, दोन शब्द व्हायचे, "हिला शिकवाय लागलीया" असं काकू सांगायच्या. काम अजून मोठं झालं होतं. चौथ्या दिवशी दोरी ताठ झाल्यावर कुत्रीने आपण होऊन मागे बघितलं. सहाव्या दिवशी ती देवळाच्या निम्म्या वाटेपर्यंत काकूंच्या पावलाने चालली. एक पाऊल, जरासा थांबा, दुसरं पाऊल. चार पायांची असून थोडी लंगडल्यासारखी दिसायची. मागे आम्ही दोघंही तसंच चालत होतो.

ऑगस्टातल्या रविवारी मुलगा आला. गाडीच्या मागच्या सीटवर जुनी चादर अंथरलेली होती, कुत्रीसाठी. काकूंनी ती बघितली आणि दोरी मनगटाला एक वेढा देऊन धरली.

जाताना सगळं नीट झालं. शेळी आली, गेली. बेकरीची पाव भाजल्याची झुळूक आली. कुत्रीने नाक वर केलं, पाय नाही. मारुतीला नमस्कार करून काकू वळल्या. मुलगा माझ्याशेजारी चालत होता. त्याची नजर आईच्या पायावरून हलत नव्हती. त्याच्याविरुद्ध मी मनात तयार ठेवलेलं भाषण मला त्या क्षणी थोडं जड वाटायला लागलं.

निम्म्या वाटेवर शाळेचं मैदान आहे. पंधरा ऑगस्टच्या संचलनाची तालीम रविवारीही चालू असेल, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. भिंतीपलीकडून लाऊडस्पीकर गरजला,

"तेज चल!"

कुत्रीला हे बरोबर आठवत होतं. तिने मान वर केली आणि पुढे झेपावली. दोरी ताठ झाली. माझ्या शेजारी सुभेदारांची छाती फुगली, तोंड उघडलं. आता "थम!" येणार, हे दिसत होतं. मी दोन्ही हातांनी त्यांच्या शर्टाची बाही धरली. पलीकडून मुलगा आईकडे धावायला निघाला होता, त्याची बाही धरायला मला तिसरा हात नव्हता.

काकू उभ्या राहिल्या. दोन्ही पाय टेकून, खांबासारख्या. भिंतीपलीकडे सगळी शाळा पाय आपटत होती. कुत्री दोरीच्या टोकाला थरथरत होती, एक कान मैदानाकडे. मग तिने मागे बघितलं. गुडघ्याकडे. दोरी आधी थोडी आणि मग पूर्ण सैल झाली. ती चालत परत आली आणि काकूंच्या चपलेवर बसली. काकूंनी बटव्यात हात घातला.

मुलगा पोचला होता. त्याने आईचा दंड धरला. धाप लागली होती त्याला.

"आई, ओढलं की तिनं. अट काय होती?"

मी पुढे झाले. अट घालणारा एकटा, ती सोसणाऱ्या दोघी, ही अट एकतर्फी आहे, असं सुरुवातीचं वाक्य माझ्या ओठावर आलं होतं.

"तू थांब गं," काकू मला म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "व्हय. वढलं. लय जोरात वढलं. आन मी पडले का?"

त्याने आईच्या पायांकडे बघितलं.

"सांग की. डोळ्यानं बघितलंस न्हवं? पडले का?"

"नाही."

"मग दंड सोड. दुकतोय."

त्याने दंड सोडला. सुभेदारांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "चूक माझी हाय. त्यो काशन मी शिकवलेला." मला वाटतं, एवढी सरळ कबुली त्या घराने पहिल्यांदाच ऐकली असावी. काकूंनी चक्क त्यांच्याकडे वळून बघितलं.

मुलगा म्हणाला, "बरं, राहू दे तिला. पण पाऊस असला की जायचं नाही."

"पाऊस असला की बघू," काकू म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

मुलगा दोन ढांगांत त्यांच्या पुढे गेला. गाडीतली चादर काढून टाकायची घाई असेल, किंवा त्याला आपला चेहरा दाखवायचा नसेल. काकू थांबल्या. कुत्री थांबली.

"हळू चल की रं," त्या म्हणाल्या. "मागं ये. पुढं मी हाय."

तो मागे येऊन आमच्या रांगेत उभा राहिला. सुभेदारांनी त्याला हात पाठीमागे कसे बांधायचे ते खुणेने दाखवलं. फाटकापाशी शेजारच्या वहिनी पाणी मारत होत्या. काकूंनी त्यांना घडलेलं सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं, शेळीपासून. मुलाने घड्याळात बघितलं. मी पाय बदलला. फाटक आमच्यापासून सहा पावलांवर होतं, पण काकू उभ्या होत्या, म्हणून आम्हीही उभे होतो.